भावनगर ते कोसबाड : नूतन बाल शिक्षण संघाची शंभर वर्षे

नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना १९२६ साली भावनगरला झाली. त्या काळी शिक्षण म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलाला पंतोजींपुढे नेऊन बसवणे. त्याआधीची वर्षे आईच्या पदराआड, अंगणात, नाहीतर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन जायची. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला शिक्षणाची गरज असते, ते शिक्षण खेळातून होते आणि ते देणाऱ्या माणसाला स्वतःला आधी पुष्कळ शिकावे लागते, या तिन्ही गोष्टी तेव्हाच्या समाजाला नव्या होत्या. संघाने त्या मांडल्या, करून दाखवल्या आणि गेली शंभर वर्षे त्यांचा आग्रह धरला.

या इतिहासात गिजुभाई बधेका, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावे पुन्हा पुन्हा येतील. त्यांच्याशिवाय संघ उभाच राहिला नसता. पण रोज सकाळी पाड्यावर जाऊन मुले गोळा करणाऱ्या, त्यांची नखे कापणाऱ्या, नाके पुसणाऱ्या सेविका, मिळेल त्या मानधनावर राबणाऱ्या शिक्षिका, चिंचोके-शिंपले निवडून साहित्य तयार करणारे कार्यकर्ते, यांची नावे कुठल्याच ग्रंथात सापडत नाहीत. खालचा सगळा मजकूर त्यांच्या कामाचाही आहे, असे समजूनच वाचावा.

१९२६ ते १९३५ : भावनगरचे बालमंदिर

गिजुभाई मूळचे वकील. वढवाणला त्यांची वकिली चालत होती. १९१३ मध्ये मुलगा झाला आणि त्याला कसे वाढवावे या विवंचनेतून त्यांचे वाचन सुरू झाले. त्यातच मारिया माँटेसरी यांचे लेखन हाती आले. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत नानाभाई भट्टांसोबत काम करू लागले आणि १९२० मध्ये त्यांनी तिथे बालमंदिर काढले. छडी नाही, धाक नाही, बक्षिसाचे आमिष नाही, अशी ती शाळा पाहायला लांबून लोक येत. मुलांवरच्या त्यांच्या मायेमुळे गुजरातेत त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, हे नाव पडले.

ताराबाई तिथे १९२३ मध्ये आल्या. जन्म १८९२ चा, घर प्रार्थना समाजाचे, १९१४ च्या पदवीधर. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्या होत्या. त्या काळी एका स्त्रीला याहून मोठी जागा शिक्षण खात्यात क्वचितच मिळे. ती सोडून त्या तीन वर्षांच्या मुलांमध्ये येऊन बसल्या. पुढच्या साऱ्या इतिहासाचे बीज या निर्णयात आहे.

माँटेसरी पद्धतीची एक गोष्ट इथे लक्षात ठेवायला हवी. तिचा जन्म १९०७ मध्ये रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत, मजुरांच्या चाळीत झाला. आईबाप कामावर गेले की मागे उरणाऱ्या मुलांसाठी ते पहिले बालगृह होते. तीच पद्धत आपल्याकडे आली ती मात्र परदेशी बनावटीच्या महागड्या साहित्यासह, आणि म्हणून सधन घरांच्या दारी. ती पुन्हा मजुरांच्या मुलांपर्यंत नेण्यात संघाची पुढची तीन-चार दशके गेली.

भावनगरच्या दिवसांत संघाने दोन पाये घातले. एक, पद्धतीला देशी वळण दिले. माँटेसरीबाईंचा भर इंद्रियशिक्षणावर आणि स्वतः करून शिकण्यावर होता. परीकथांविषयी त्या साशंक असत. गिजुभाईंनी इंद्रियशिक्षण पूर्ण स्वीकारले, पण त्याच्या शेजारी गोष्ट, नाटक, गाणे आणि भटकंती यांना मानाने बसवले. गोष्ट कशी सांगावी यावर त्यांनी गुजरातीत स्वतंत्र शास्त्रच लिहिले. दुसरा पाया म्हणजे अध्यापन मंदिर आणि 'शिक्षणपत्रिका' हे मासिक. शिक्षक घडल्याशिवाय बालमंदिरे वाढवायची नाहीत आणि पालक बदलल्याशिवाय बालमंदिर टिकायचे नाही, हे गिजुभाई आणि ताराबाई या दोघांनाही ठाऊक होते. पत्रिका आधी गुजरातीत निघाली. १९३० नंतरच्या काही वर्षांतच ती मराठीतही आली आणि त्या रूपाने संघाने महाराष्ट्राच्या घरात पाऊल टाकले.

१९३६ ते १९४४ : दादरचे शिशुविहार

१९३६ मध्ये ताराबाई मुंबईला आल्या आणि दादरला शिशुविहार सुरू झाले. शेजारीच शिक्षिकांचे प्रशिक्षण चाले. मुंबईतल्या मराठी आणि गुजराती मध्यमवर्गाने बालशिक्षण प्रथम समजून घेतले ते इथे. मूल घरी आल्यावर 'आज काय शिकवले?' असे विचारण्याऐवजी 'आज काय केलेस?' असे विचारा, हे आईवडिलांना सांगत राहणे हेही शिक्षिकांचे कामच होते.

जून १९३९ मध्ये गिजुभाई गेले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात माँटेसरीबाई स्वतः भारतात आल्या. महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला आणि त्यांच्या हाताखाली अनेक भारतीय शिक्षक तयार झाले. साहित्य मूळ नमुन्याबरहुकूम असावे की भोवती मिळेल त्यातून घडवावे, याबद्दल त्या काळात वेगवेगळी मते होती. दोन्ही बाजूंना मुलाचेच हित हवे होते. संघाने दुसरी वाट धरली.

त्या वाटेला गांधीजींच्या विचाराने बळ दिले. १९३७ च्या वर्धा परिषदेतून नयी तालीम पुढे आली तेव्हा ती सात वर्षांपुढच्या मुलांसाठी होती. तुरुंगातून सुटल्यावर, १९४४-४५ च्या सुमारास, गांधीजी शिक्षणाचा विचार जन्मापासून मरणापर्यंतचा म्हणून करू लागले आणि 'पूर्व-बुनियादी' हा शब्द रूढ झाला. खेड्यातल्या मुलाला बालशिक्षण द्यायचे तर ते खेड्याला परवडेल असेच असले पाहिजे, हा प्रश्न आता सरळ ताराबाईंच्या पुढ्यात होता. शहरातले चालते शिशुविहार सहकाऱ्यांच्या हाती सोपवून, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावाकडे निघाल्या.

१९४५ ते १९५५ : बोर्डी

१९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू झाले. आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षणसेवकांमुळे या गावात शिक्षणाला पोषक हवा आधीच होती. अनुताई वाघ ताराबाईंना भेटल्या त्या कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात, आणि तिथून त्या बोर्डीला आल्या त्या कायमच्याच. १९१० चा जन्म, तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. नंतर हट्टाने घेतलेले शिक्षण आणि पुण्याच्या हुजूरपागेतली नोकरी. ती स्थिर नोकरी सोडून आलेल्या अनुताईंनी पुढची सत्तेचाळीस वर्षे या एका कामाला दिली.

केंद्र सुरू झाले, पण येत कोण होते? गावातल्या बऱ्या घरची मुले. हरिजनवाड्यातली आणि वारली पाड्यातली मुले येईनात. बोलावून, समजावून, खाऊ देऊनही येईनात. बालशिक्षणाच्या इतिहासातले सर्वांत फलदायी वळण या अपयशाच्या टोकाशी आले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांकडे जावे, असे ठरले. टोपलीत साहित्य भरून बाई वाड्यात जाऊन बसू लागल्या. कुणाच्या तरी घरापुढचे अंगण झाडून, सारवून तिथेच खेळ मांडला जाई. त्या शाळेला 'अंगणवाडी' हे नाव आपोआप जुळले.

अंगणात बसल्यामुळे बरेच काही बदलले. आई दारातून बघत होती, आजी भिंतीला टेकून बसली होती. बाईंच्या हातात दडपण आणणारे काही नव्हते. पहिला कार्यक्रम आंघोळीचा असे: हातपाय धुणे, केस विंचरणे, नखे कापणे, खरजेवर औषध. मग गाणी, गोष्टी, खेळ. दादरला जे साहित्य कपाटात असे ते इथे भोवताली पसरलेले होते. शिंपले लहानमोठे लावता येतात. चिंचोके, गुंजा, सागरगोटे रंगाने आणि आकाराने वेगळे करता येतात. वाळूवर बोट फिरवून अक्षर काढता येते, करवंटीने पाणी मोजता येते, पाने ओळखून मांडता येतात. शिंपल्यांची रांग चढत्या क्रमाने लावणारे मूल गणिताचेच काम करत असते, फक्त त्याला पाटी-पेन्सिल लागत नाही. सान लोरेन्झोतल्या लाकडी ठोकळ्यांमागचे तत्त्व बोर्डीच्या किनाऱ्यावर विनाखर्च उभे राहिले.

याच १९४५ साली, याच परिसरातले वारली शेतमजूर वेठबिगारीविरुद्ध उठले होते. शतकानुशतके मान खाली घालून जगलेला समाज जागा होत होता. त्यांच्या मुलांना पाढे पाठ करायला लावण्याआधी त्यांचे तोंड उघडले पाहिजे, त्यांनी मोकळेपणी हसले-बोलले पाहिजे, असे संघाच्या कार्यकर्त्यांना वाटले, ते या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे. पोटभर खेळलेले मूल प्रश्न विचारते. प्रश्न विचारणारे मूल मोठे झाल्यावर सहजासहजी वेठीला धरता येत नाही.

१९५६ ते १९६५ : कोसबाडची विकासवाडी

१९५६-५७ च्या सुमारास कामाचे केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलले. गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषी संस्था तिथे होती आणि भोवती वारल्यांचे पाडे. या दशकात संघाने जे केले ते जगातल्या कुठल्याही बालशिक्षणाच्या ग्रंथात मानाने नोंदवावे असे आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

टेकडीवर शाळा काढली आणि पुन्हा तोच अनुभव आला. मुले येत, चार दिवस टिकत आणि नाहीशी होत. कारणे शोधायला शिक्षिका घरोघर गेल्या. आठ वर्षांची मुलगी येत नव्हती, कारण धाकटे भावंड तिच्या कडेवर होते. दहा वर्षांचा मुलगा येत नव्हता, कारण गुरे त्याच्या जिवावर होती. आवणीच्या दिवसांत आणि गवतकापणीच्या हंगामात तर सगळा पाडाच कामावर. 'आदिवासींना शिक्षणाची आवड नाही' हे सरकारी दप्तरातले ठरीव वाक्य होते. संघाने ते मानले नाही. आवड नाही असे म्हणण्याआधी अडचण काय आहे ते पाहायला हवे, अशी ताराबाईंची धारणा होती.

मुलीच्या कडेवरच्या भावंडासाठी विकासवाडी निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, एकाच विचाराने चालवायच्या. ताईने तान्ह्याला पाळणाघरात द्यावे, चार वर्षांच्याला बालवाडीत सोडावे आणि आपण वर्गात बसावे. मधूनच उठून ती धाकट्याला बघून येई. त्याला कुणी आडकाठी करत नसे. मोठ्या मुली पाळणाघरात मदत करत, तेव्हा त्यांचेही बालसंगोपनाचे शिक्षण होई. बालवाडीतून पहिलीत जाताना मुलाला नव्या जगात पडल्यासारखे वाटत नसे, कारण पहिलीतही खेळ, गाणी आणि साहित्य चालूच असे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच सलग पायाभूत टप्पा मानला आहे. कोसबाडला ती गोष्ट साठ वर्षांपूर्वी करून पाहिलेली होती.

गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. बाई किंवा गुरुजी गुरांमागे कुरणात जात. सोबत थोडी पुस्तके, पाट्या आणि खेळाचे सामान. गुरे चरत असताना झाडाखाली वर्ग भरे, गुरे पांगली की थांबे, परत आली की पुन्हा सुरू होई. झाडे, पाखरे, गवताचे प्रकार, दगड, ओढ्याचे पाणी हे सगळे अभ्यासाचे विषय. यातली पुष्कळ माहिती मुलांना शिक्षकांपेक्षा जास्त होती आणि ती त्यांनी शिक्षकांना द्यावी, अशीच योजना होती. ज्याला आजवर अडाणी म्हटले गेले तो मुलगा बाईंना पाखराचे नाव सांगतो, तेव्हा त्याच्या मनात काय होत असेल याची कल्पना केली म्हणजे कुरणशाळेचे मोल कळते.

वारली बोलीही शाळेत आली. प्रमाण मराठी लगेच लादायची नाही, आधी मुलाच्या तोंडच्या भाषेत गोष्टी-गाणी, मग हळूहळू पुस्तकाची भाषा. तारप्याचा नाच हा शाळेचा खेळ झाला.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. अनुताईंनी पन्नाशी ओलांडल्यावर, कामाचा रगाडा सांभाळत, बी. ए. केले. त्या काळात अध्यापिका घडवण्याचे कामही कोसबाडला जोमाने चालू होते. केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या अनुदानातून देशभर बालवाड्या निघत होत्या, आणि प्रशिक्षित बाया हव्या म्हणून संघाकडे मागणी येई.

१९६६ ते १९७५ : नाव देशभर गेले

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांमध्ये सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव दिले 'अंगणवाडी'. बोर्डीच्या वाड्यात सुचलेला शब्द देशाच्या प्रत्येक भाषेत गेला.

शब्दाबरोबर बोर्डीचे सगळे गेले, असे मात्र म्हणता येत नाही. योजनेत सहा सेवा होत्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार व आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. उपाशी मुलाला आधी जेवण हवे, यात दुमत नाही. संघाची सुरुवातही आंघोळीने आणि औषधानेच होत असे. पण आहार मोजता येतो, वजन नोंदवता येते, खेळ मोजता येत नाही. जे नोंदवहीत बसत नाही ते हळूहळू दिवसाच्या वेळापत्रकातूनही निसटते. सेविकेवर नोंदींचा आणि इतर कामांचा भार वाढत गेला तसतसा खेळाचा तास आकसत गेला. दोष तिचा नाही.

१९७६ ते १९९२ : अनुताईंचे पर्व

ताराबाईंच्या मागे संघाची धुरा अनुताईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाहिली. बालवाडी, शाळा, प्रशिक्षण यांच्या जोडीला त्यांनी पाड्यावरच्या स्त्रियांच्या प्रश्नांना हात घातला, कर्णबधिर मुलांच्या शिक्षणाचे काम उभे केले, शिक्षणपत्रिका चालू ठेवली आणि विपुल लिहिले. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे त्यांचे पुस्तक मराठी घरांमध्ये पोहोचले आणि अनेक तरुण शिक्षक ते वाचून या कामाकडे वळले. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री आणि जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला.

१९८२ मध्ये प्रा. रमेश पानसे यांच्यासह त्यांनी ग्राममंगल ही संस्था काढली. डहाणू तालुक्यातल्या ऐने गावी तिने चालवलेली शाळा ही कोसबाडच्या परंपरेचीच पुढची फांदी. एका संस्थेतून दुसरी निघते तेव्हा कार्यकर्ते, वेळ, पैसा यांची ओढाताण होतेच. ती निभावून नेली गेली आणि आज दोन्ही ठिकाणचे काम एकाच घराण्याचे म्हणून ओळखले जाते. २७ सप्टेंबर १९९२ रोजी अनुताई गेल्या.

१९९३ नंतर

संस्थापकांची पिढी संपल्यावर कुठल्याही संस्थेची खरी कसोटी लागते. संघाच्या कार्यकर्त्यांनी टेकडीवरचे काम बंद पडू दिले नाही, ही या काळातली मोठी मिळकत आहे.

बाहेरचे वारे मात्र उलट्या दिशेने वाहत होते. गल्लोगल्ली नर्सरी आणि केजी निघाल्या. अडीच वर्षांच्या मुलाची प्रवेशासाठी मुलाखत, साडेतीन वर्षांच्या मुलाला घरचा अभ्यास, चौथ्या वर्षी चार रेघांत अक्षर. बोटांचे स्नायू तयार नसताना पेन्सिल धरायला लावली की मूल लिहायला शिकत नाही, लिहायला भिते. १९९३ च्या यशपाल समितीने ही घाई घातक ठरवली. १९९६ मध्ये महाराष्ट्राने पूर्वप्राथमिक प्रवेशांच्या मुलाखतींना आळा घालणारा कायदा केला. शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून प्रवेशचाचणीवर बंदी आणली, पण त्याचा हक्क सहा वर्षांपासून सुरू होतो. ज्या वयासाठी संघ शंभर वर्षे झगडला, ते तीन ते सहा वय आजही हक्काच्या उंबरठ्याबाहेरच आहे.

२०२२ मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. खेळ, खेळणी, गोष्ट, मातृभाषा हे त्यातले आधारस्तंभ वाचताना जुन्या शिक्षणपत्रिकेची आठवण व्हावी. देशात आज सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत, त्यांपैकी एक लाखाहून अधिक महाराष्ट्रात. आराखडा कागदावर राहील की अंगणात उतरेल, हे सेविकेला काय शिकवले जाते आणि तिच्याकडून काय मागितले जाते यावर ठरेल.

शताब्दी वर्षात

कोसबाडच्या टेकडीवर बालवाडी आणि प्राथमिक शाळा आजही चालतात. ठाणे जिल्ह्याचा हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. पाड्यांवर रस्ते, वीज, मोबाइल पोहोचले. आताचे मूल भावंड कडेवर घेऊन येत नसेल, पण आईबाप हंगामी कामाला परगावी गेले की त्याची शाळा अजून सुटते. म्हणजे कुरणशाळेमागचा प्रश्न जुना झालेला नाही. वीटभट्टीवर, बांधकामावर, ऊसतोडीच्या तळावर ती शाळा नव्या रूपात न्यावी लागेल, आणि ती न्यायचा अनुभव या संस्थेइतका फार थोड्यांकडे आहे.

चांगली बालवाडी कशी ओळखावी, असे पालक वारंवार विचारतात. इमारत, रंगीत भिंती, गणवेश पाहू नका. तासभर जाऊन बसा. मुले बोलताहेत का? हाताने काही करताहेत का? बाई त्यांच्या उंचीला येऊन, खाली बसून ऐकताहेत का? एका बाईकडे किती मुले आहेत? मूल चुकले तर काय होते? एवढे पाहिले तरी पुरे.

या स्मरणिकेच्या वाचकांना दोन विनंत्या आहेत. शिक्षणपत्रिकेचे जुने अंक, भावनगर-दादर-बोर्डीच्या काळातली छायाचित्रे, पत्रे, हाताने केलेले बालवाडीचे साहित्य कुणाच्या घरी, कुणाच्या आजीच्या पेटीत असेल, तर ते कोसबाडला पोहोचते करावे. या कामातल्या अनामिक बायांची नावे त्यांतूनच मिळतील. आणि आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीत एकदा जाऊन यावे. तिथे पाणी आहे का, खेळायला जागा आणि सामान आहे का, सेविकेला मानधन वेळेवर मिळते का, हे विचारावे, आणि नसेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत तो विषय मांडावा.